लेख आहे, पण कुठल्या सालचा?

माझं निम्मं काम दुसऱ्यांच्या तळटिपांवर चाललं आहे. विषय बडोदे संस्थानातल्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आणि त्याच्या मागोमाग आलेल्या ग्रंथालय चळवळीचा. १८९३ मध्ये सयाजीरावांनी अमरेलीकडच्या काही गावांत सक्तीचं शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये ते सबंध संस्थानाला लागू झालं. शाळेत शिकलेली माणसं पुढे अक्षरं विसरू नयेत म्हणून मग गावोगाव वाचनालयं निघाली. त्यासाठी १९१० मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यांत फिरवायची त्याची व्यवस्था इथल्या जुन्या मराठी घरांत अजून सांगितली जाते. बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या मला हे सगळं ऐकून माहीत होतं. प्रबंधात ऐकीव चालत नाही.

पहिल्याच भेटीत गाइड मॅडम म्हणाल्या, "पुस्तकं सगळेच वाचतात हो. जर्नल्समध्ये यावर काय काय येऊन गेलंय ते आणा, मग बोलू." शाळेची नोकरी सांभाळून पीएच.डी. करणाऱ्या बाईला हे वाक्य जड जातं. पुस्तक कसं शोधायचं ते मला ठाऊक होतं. जर्नलमधला, म्हणजे संशोधनपत्रिकेतला, लेख मी त्याआधी स्वतः शोधून कधी काढलाच नव्हता. बी.एड., एम.एड.ला शिक्षकांनी झेरॉक्स हातात दिल्या होत्या आणि आम्ही त्या वाचल्या होत्या.

आमच्या युनिव्हर्सिटीची मुख्य लायब्ररी हंसा मेहतांच्या नावाची. हंसाबेन इथल्या पहिल्या कुलगुरू. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारे शब्द काढून 'सर्व माणसं' असे शब्द घालायला लावणाऱ्या त्याच. त्यांच्या नावाच्या इमारतीत बसून मुलींच्या शाळांबद्दल वाचायला मला बरं वाटतं, त्याचं एरवी काही कारण नाही.

तिथल्या कॅटलॉगमध्ये मी एका तळटिपेतल्या लेखाचं नाव टाकलं. काही नाही. लेखकाचं नाव टाकलं. त्यांचं एक पुस्तक निघालं, लेख नाही. काउंटरवर विचारलं तर पिरियॉडिकल्सकडे बोट दाखवलं. तिथे एक भाई बसलेले असतात. निवृत्तीला आलेले, चश्मा कपाळावर. मी त्यांना लेखाचं नाव वाचून दाखवायला लागले, तर त्यांनी मधेच थांबवलं.

"बेन, जर्नलनुं नाम बोलो. ने कया वरसनुं जोइए छे?"

जर्नलचं नाव आणि साल. लेखाच्या नावाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. लायब्ररीचा कॅटलॉग जर्नलची नावं नोंदवतो, त्याच्या पोटातले लेख नाही. लेख शोधायची जागा वेगळी, जर्नल शोधायची वेगळी, आणि तो उघडायचा हक्क ही तिसरीच गोष्ट. गूगल स्कॉलरवर एखादा लेख दिसला याचा अर्थ तो जगात आहे, एवढाच. आपल्या लायब्ररीने ते जर्नल घेतलंय का, घेतलं असेल तर कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, हे तिथून कळत नाही. हा साल विचारण्याचा मुद्दा मला भाईंनी शिकवला आणि पुढचं सगळं त्यावरच चाललं.

लायब्ररी जर्नल घेते म्हणजे काय, तर वर्षांचा एक तुकडा विकत घेते. छापील अंक यायचे तेव्हा वर्गणी ज्या वर्षी सुरू झाली त्या वर्षापासून खंड कपाटात, ज्या वर्षी बंद पडली तिथे कपाट संपलं. ऑनलाइन आल्यावर प्रकाशकांनी आणखी एक रेघ मारली. बऱ्याच मोठ्या प्रकाशकांच्या चालू वर्गणीत १९९०च्या दशकाच्या शेवटापासूनचे अंक येतात, त्याआधीचे 'जुना संग्रह' म्हणून वेगळ्या किमतीला. जेस्टॉर या जर्नल्सच्या ऑनलाइन संग्रहाचं उलटं. तिथे जुनं सगळं पहिल्या अंकापासून, पण अगदी ताजी तीनेक-पाचेक वर्षं बहुतेक वेळा नाहीत. ही भिंत दर वर्षी एकेक वर्ष पुढे सरकते. त्यामुळे एकाच जर्नलचा १९७४चा लेख एका दारातून मिळतो, २०१९चा दुसऱ्या, आणि जर्नल जेस्टॉरवर नसेल तर १९९१चा कधी कुठूनच नाही. यादीत जर्नलचं नाव दिसलं म्हणून हुरळून जाऊ नये. नावाशेजारी बारीक अक्षरात वर्षं लिहिलेली असतात, ती आधी वाचावीत.

आता नावांचा घोळ. माझ्या एका तळटिपेत 'जर्नल ऑफ लायब्ररी हिस्टरी' होतं, दुसरीत 'लायब्ररीज अँड कल्चर', तिसऱ्या कुणाच्या लेखात 'लायब्ररीज अँड द कल्चरल रेकॉर्ड'. मी तिन्ही वेगळी समजून तीन वेगळ्या ओळी वहीत लिहिल्या होत्या. निघालं एकच. १९६६ मध्ये सुरू झालेलं हे जर्नल १९८८ मध्ये नाव बदलून 'लायब्ररीज अँड कल्चर' झालं, २००६ मध्ये 'कल्चरल रेकॉर्ड', आणि २०१२ पासून 'इन्फर्मेशन अँड कल्चर'. नाव बदललं की आयएसएसएन हा जर्नलचा आठ आकड्यांचा ओळखक्रमांकही बदलतो आणि कॅटलॉगमध्ये ते नव्या नावाखाली नव्याने नोंदवलं जातं. जुन्या नोंदीत 'पुढे या नावाने चालू' अशी ओळ असते, पण ती नोंद पूर्ण उघडली तरच दिसते. आपल्याकडचं ठळक उदाहरण ईपीडब्ल्यूचं. १९४९ ते १९६५ ते 'इकॉनॉमिक वीकली' होतं, १९६६ पासून 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'. कुणी १९५८चा लेख ईपीडब्ल्यूच्या नावाने शोधत बसलं तर त्याचा दिवस गेला. सासरी जाऊन नाव बदललेल्या बाईचा जुना पत्ता शोधावा तसं हे आहे. माहेरचं नाव आणि लग्नाचं साल दोन्ही लागतं.

संक्षेपांचं तर विचारूच नका. जुने इतिहासकार तळटिपेत नुसतं 'आय.ई.एस.एच.आर.' लिहून मोकळे होतात. पुस्तकाच्या सुरुवातीला संक्षेपांचं पान असतं, पण माझ्याकडे तेवढ्या एका प्रकरणाचीच झेरॉक्स होती. भाईंना दाखवलं. "इंडियन इकॉनॉमिक अँड सोशल हिस्टरी रिव्ह्यू," मान वरसुद्धा न करता.

घरून हे सगळं उघडेल का, हा माझ्यासारखीचा खरा प्रश्न. शाळा सुटते तेव्हा युनिव्हर्सिटीत पोचून तासभर मिळतो, तोही पावसाळ्यात फतेगंजच्या ट्रॅफिकमध्ये जातो. कॅम्पसवर काही करावं लागत नाही. प्रकाशकाला तिथल्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता माहीत असतो आणि लेख आपोआप उघडतो. म्हणूनच गंमत होते: लायब्ररीत बसून एखादी मुलगी सांगते, "हे फुकट आहे," आणि घरी गेल्यावर तोच दुवा तिच्याकडे डॉलर मागतो. फुकट काहीच नव्हतं, पैसे युनिव्हर्सिटीने किंवा सरकारने भरले होते.

घरून उघडायचं तर युनिव्हर्सिट्यांच्या लायब्रऱ्या जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेची 'इन्फेड' नावाची सोय आहे. तुम्ही प्रकाशकाच्या साइटवर जायचं, 'संस्थेमार्फत प्रवेश' निवडायचं, यादीतून आपली युनिव्हर्सिटी शोधायची आणि लायब्ररीने दिलेला युजरनेम-पासवर्ड टाकायचा. यात दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पहिली, आमच्या युनिव्हर्सिटीच्या इंग्रजी नावाची सुरुवात 'द'ने होते आणि शेवट 'बरोडा'ने. यादीच्या खिडकीत 'वडोदरा' टाकलं तर भलतीच नावं समोर येतात. 'सयाजीराव' एवढंच टाकावं. दुसरी, हा पासवर्ड आपोआप मिळत नाही. लायब्ररीला मागावा लागतो, कार्डाची आणि नोंदणीपत्राची प्रत देऊन, आणि संशोधन नोंदणीची मुदत संपली की तोही संपतो. माझ्याबरोबर नोंदणी केलेल्या कितीतरी जणांना अशी काही सोय आहे हे ठाऊकच नव्हतं. मला वाटतं, नोंदणी झाली त्याच दिवशी हे फॉर्मबरोबर हातात द्यायला हवं.

पैशाची गोष्ट निघालीच आहे तर २०२५ पासून चित्र बरंच बदललं. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही देशभरासाठी एकच वर्गणी भरण्याची योजना मंजूर केली. २०२५, २०२६, २०२७ अशा तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० मोठे प्रकाशक, जवळपास १३,००० ई-जर्नल्स, आणि केंद्राच्या व राज्यांच्या मिळून ६,३०० हून जास्त सरकारी संस्था. एल्सेव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस, सेज, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस, सगळे त्यात आले. पूर्वी प्रत्येक युनिव्हर्सिटी आपापल्या ऐपतीप्रमाणे घ्यायची. आता तालुक्याच्या सरकारी कॉलेजातल्या मुलालाही तेच दार उघडतं. विज्ञानवाल्यांची चांदी झाली. इतिहास आणि शिक्षणवाल्यांनाही सेज, केंब्रिज, टेलर अँड फ्रान्सिस उघडली की बरंच हाती लागतं. 'मॉडर्न एशियन स्टडीज' केंब्रिजचं, 'आय.ई.एस.एच.आर.' सेजचं. खाजगी कॉलेजात शिकवणारी माझी मैत्रीण मात्र बाहेरच राहिली, कारण योजना सरकारी संस्थांसाठी आहे. तिला लागतो तो लेख जेस्टॉरवर असेल तर मी तिला तिथलं वैयक्तिक खातं काढायला सांगितलं. त्यात महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात, उतरवून घेता येत नाहीत. आणि १०० लेख महिन्यात वाचणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

दारं उघडली तरी शोधायचं काय? इथे माझे सर्वांत जास्त दिवस गेले, आणि ते वाया गेले असं मी म्हणणार नाही. आपण 'गायकवाड' म्हणतो ते इंग्रजीत शेवटी डी घालून लिहितात. पण साहेबी काळातले लोक शेवटी आर घालत, 'गायकवार'. त्याआधीच्या कागदांत तर 'गुइकोवार' असा काहीतरी चमत्कार दिसतो. 'सयाजीराव' कधी एक शब्द, कधी दोन. 'बरोडा' हे बहुतेक ठिकाणी, 'वडोदरा' अलीकडच्या लेखांत. कॉम्प्युटर समजून घेत नाही; डी टाकला तर डीच देतो. मी वहीच्या मागच्या पानावर सगळी रूपं लिहून ठेवली आणि प्रत्येक डेटाबेसमध्ये प्रत्येक रूप अवतरणचिन्हांत टाकून पाहिलं. शेवटी आर असलेल्या रूपाने मला १९१०-२० च्या अमेरिकन मासिकांतली टिपणं मिळवून दिली, जी डीने कधीच मिळाली नसती. ती इतकी जुनी होती की जेस्टॉरवर कुठल्याही खात्याशिवाय खुली होती. एका अमेरिकन ग्रंथपालाने हिंदुस्थानातल्या एका राजाकडे नोकरी धरली याचं त्या लोकांना केवढं अप्रूप वाटलं होतं, ते त्या बारीक टाइपातल्या चार ओळींत दिसतं.

दुसरा मार्ग म्हणजे शोधगंगा. २००९च्या नियमांनी पीएच.डी.चे प्रबंध ऑनलाइन ठेवणं बंधनकारक झालं, तेव्हापासून देशभरातले प्रबंध तिथे साठत गेले. प्रबंधांच्या दर्जाबद्दल लोक नाक मुरडतात. मुरडू देत. मी प्रबंध वाचायला उघडत नाही, त्याची संदर्भसूची वाचायला उघडते. गुजरातच्या शिक्षणावर कुणी तीन-चार वर्षं घालवली असतील, तर त्याने गोळा केलेली लेखांची नावं माझ्या कामाची असतातच. त्यातली एखादी नोंद चुकीची निघते: खंडाचा आकडा एक, साल भलतंच. तेव्हा पुन्हा भाईंचा प्रश्न. खंड आणि साल जुळतात का ते बघायचं सोपं असतं. दर वर्षी एक खंड निघत असेल तर पहिल्या खंडाच्या सालापासून मोजत जायचं. जुळलं नाही तर नोंद करणाऱ्याने लेख स्वतः पाहिलेला नाही, कुणाच्या तरी तळटिपेतून उचलला आहे.

छापील खंडांकडे आता कुणी फारसं फिरकत नाही. ऑनलाइन नसलेला एक शिक्षणविषयक लेख मला अशाच बाइंड केलेल्या खंडात मिळाला. शोधत होते एक, आणि त्याच अंकात पुढच्या पानावर ग्रामीण वाचनालयांवरचं एक छोटं टिपण होतं, ज्याचं नाव कुठल्याच सूचीत नव्हतं. ऑनलाइन शोधात शेजारचं पान दिसत नाही. त्यानंतर मी माझ्या विषयाच्या दोन जर्नल्सचे वार्षिक अनुक्रम सलग चाळले. कंटाळवाणं काम आहे, पण करावं.

आणि मराठी? इथे सगळी यंत्रणा थांबते. बडोद्यातून १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं त्रैमासिक निघत होतं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. इंग्रजी भागाचे उतारे परदेशी अभ्यासक देतात. मराठी भागाचा उल्लेख मला त्यांच्या लेखनात जवळजवळ दिसलाच नाही, आणि तो त्यांना वाचता येत नाही हे उघड कारण आहे. मराठी संशोधनपत्रिकांच्या जुन्या अंकांना ना डीओआय, म्हणजे लेखाचा ऑनलाइन ओळखक्रमांक, ना लेखवार सूची. वर्षअखेरच्या अंकात सूची छापली असेल तर नशीब. इंटरनेट आर्काइव्हवर जुनी मराठी नियतकालिकं स्कॅन होऊन चढलेली आहेत, पण नावं रोमनमध्ये, आणि ती घालणाऱ्याने कानाने ऐकून घातल्यासारखी. 'ज्ञ' कुणी डीएन लिहितं, कुणी जीएन, कुणी जेएन. 'ळ'चा एल होतो. सालाच्या जागी कधी शक घातलेला असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, शक वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. आतला मजकूर शोधता येत नाही, पानं उलटावी लागतात. माझ्या प्रबंधात नवं काही असेल तर ते याच पानांतून येईल असं मला दिसतंय, कारण बाकीचं सगळं ज्याला लॉगिन आहे त्याच्या हातात आहे.

काही लेख तरीही मिळत नाहीत. बरोबरची तरुण मुलं लगेच साय-हबचं, म्हणजे प्रकाशकांना न विचारता लेख फुकट देणाऱ्या साइटचं, नाव घेतात. त्यावर प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा घातला, आणि तसंही माझ्या विषयातले १९८०-९० मधले लेख तिथे शोधून मुलांच्याच हाती काही लागलं नव्हतं. मी सरळ लेखकाला लिहिते. लेखाचं पूर्ण नाव, साल, मी कोण, कशासाठी हवा, चार ओळी. प्राध्यापक मंडळींना आपला जुना लेख कुणी मागितला की आनंद होतो असा माझा अनुभव आहे. इंग्लंडमधल्या एका निवृत्त बाईंनी लेख तर पाठवलाच, वर त्यांनी वगळलेल्या कागदपत्रांची यादीही पाठवली, "मला वय झाल्यामुळे हे आता जमणार नाही, तुम्ही बघा," असं लिहून. त्या यादीवर माझं तिसरं प्रकरण उभं आहे.

लेखक हयात नसेल तर आंतरग्रंथालय मागणी. इन्फ्लिबनेटच्या 'इंडकॅट'वर कुठल्या युनिव्हर्सिटीकडे कुठलं जर्नल, कुठल्या वर्षांचं आहे ते दिसतं. तिथून लायब्ररीचं नाव काढायचं आणि आपल्या लायब्ररीमार्फत त्या पानांची प्रत मागायची. परस्पर मागितली तर बहुधा उत्तर येत नाही. लायब्ररीच्या पत्राला येतं. सावकाश येतं.

माझ्या वहीत आता दर लेखासमोर चार रकाने आहेत: जर्नलचं तेव्हाचं नाव, आजचं नाव, खंड-साल, कुठे मिळालं. बहुतेक रकाने भरलेत. १९९१चा एक लेख तेवढा अडला आहे. ऑनलाइन वर्गणी त्याच्यानंतर सुरू होते, जेस्टॉरवर ते जर्नल नाही, लेखक वारले आहेत. परवा भाईंना तो दाखवला. त्यांनी साल विचारलं, मग दक्षिणेतल्या एका युनिव्हर्सिटीचं नाव सांगून मागणीचा फॉर्म पुढे केला. तो भरून दिला आहे. तोवर मिसेलनीच्या मराठी पानांच्या नोंदी लिहायला घेतल्यात.